आठवारी

लेक एडिंबरात, जावई तिथलाच. व्याह्यांनी नॉर्वेच्या क्रूझला बोलावलं तेव्हा आम्ही आनंदाने हो म्हणालो. सात रात्रींपैकी दोन रात्री नटूनथटून जेवायचं आणि घरच्या सगळ्या पुरुषांनी किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा घागरा, घालायचा, हे तिकिटं काढून झाल्यावर कळलं. तक्रार करायला तोंड नव्हतं. लग्नात आम्ही त्यांना न सांगता हळद फासली होती.

भाड्याच्या दुकानात पहिला प्रश्न आला, "तुमचा क्लॅन कोणता?" क्लॅन म्हणजे कुळ; ज्याचं त्याचं टार्टन, म्हणजे चौकड्यांचं कापड, ठरलेलं. मी गोत्र सांगितलं. दुकानदाराने विचार केला आणि निमूटपणे ब्लॅक वॉच काढलं. गडद हिरव्या-निळ्या चौकड्यांचं हे कापड कोणीही घालावं. त्याला सरकारी टार्टनही म्हणतात. थोडक्यात, सातबाऱ्यावर नाव नसलेल्यांचं गायरान.

"पूर्ण किल्टला आठ वार कापड लागतं," तो अभिमानाने म्हणाला.

"माझ्या नऊवारीला एक जास्त," बायको म्हणाली, आणि तिथून सूत्रं तिच्या हाती गेली. पुढे सपाट नि निऱ्या मागे बघून तिने "उलटं नेसवलंय" असा निकाल दिला. बसताना निऱ्या मागून हाताने सारख्या करायच्या, हे मात्र तिनेच मला शिकवलं.

किल्ट एकच, रात्री दोन. म्हणून वरचा साज बदलायचा. पहिल्या रात्री प्रिन्स चार्ली, म्हणजे आखूड काळा कोट, बो टाय आणि केसाळ स्पोरन. दुसऱ्या रात्री आर्गाइल कोट, साधा टाय आणि चामड्याचा स्पोरन. किल्टला खिसा नसतो, त्यामुळे पोटाखाली लोंबणाऱ्या या बटव्यात केबिनचं कार्ड, चष्मा आणि पित्ताची गोळी. मोज्यात खोचायचा सुरा व्याह्यांनी घरीच ठेवायला लावला, जहाजावर तपासणी असते म्हणून. बुटांना जीभच नव्हती. लांबलचक नाड्या घोट्याभोवती गुंडाळता गुंडाळता माझीच बाहेर आली.

पहिल्या रात्री फोटोसाठी डेकवर गेलो. वारा सुटला. बायकोने बांगडीतल्या सेफ्टी पिना काढून पुढचे दोन्ही पदर एकमेकांना टाचायला घेतले, तसे व्याही धावत आले. किल्टची पिन फक्त वरच्या पदराला लावायची, तिने खालचा पदर पकडायचा नाही!

"मग ती धरते काय?" बायकोने विचारलं.

व्याह्यांना उत्तर सुचेना. तेवढ्यात जोराचा झोत आला आणि आम्ही दोघेही व्याही दोन्ही हातांनी आपापली अब्रू धरून उभे राहिलो. बायको नऊवारीत, हात मोकळे, मोबाइल सरसावून समोर.

"काष्टा घातला असता," ती फोटो काढत म्हणाली, "तर ही वेळ आली नसती."