सहातला चौथा

आज सकाळी बेळगावच्या उद्यमबागेत आमच्या वर्कशॉपसमोरच्या चहाच्या टपरीवर जे घडले, ते विसरून जावे असे दिवसभर स्वतःला समजावत होतो. परंतु रात्रीचे जेवण झाल्यावरही ते मनातून जाईना, म्हणून लिहायला बसलो आहे. लांबेल, याची कल्पना आहे.

आमच्याकडची तीन-चार तरुण मुले मोबाइलवर एक व्हिडिओ पाहत होती. फॉर्म्युला वनच्या इतिहासातील सर्वांत वाईट ड्रायव्हर कोण, अशी कोणीतरी यादी केलेली, आणि त्या यादीत आपला नारायण कार्तिकेयन. “पाच पॉइंट, ते बी सहा गाड्यांत!” असे एक जण म्हणाला आणि सगळे हसले. माझा मावसभाऊ तिथेच उभा होता. तो आमच्याच शेडमध्ये लेथवर असतो आणि दिवसाकाठी मोजून वीस शब्द बोलतो. त्याने ग्लास खाली ठेवला, “चौथा आलाय त्यो. सहावा न्हवं,” एवढेच म्हणाला आणि आपल्या मशीनकडे निघून गेला.

मुलांना त्यातले काही कळले नाही. मला मात्र ते वाक्य सुईसारखे लागले, त्याचे कारण पुढे सांगतो.

ज्या शर्यतीवर ही मुले हसत होती ती १९ जून २००५ रोजी इंडियानापोलिस येथे झाली. त्या ट्रॅकच्या शेवटच्या उतरत्या वळणावर मिशेलिन कंपनीचे टायर टिकणार नाहीत हे उघड झाल्यामुळे त्या टायरांच्या चौदा गाड्या सराव-फेरी संपताच पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या दुरुस्तीच्या जागेत, वळल्या आणि मैदानात उरल्या केवळ सहा, म्हणजे फेरारी, जॉर्डन आणि मिनार्डी या संघांच्या प्रत्येकी दोन. कार्तिकेयन जॉर्डनमध्ये होता. बहात्तर फेऱ्या पूर्ण करून तो चौथा आला आणि पाच गुण मिळवणारा पहिला भारतीय ठरला. त्याचा सहकारी तियागो मोंतेइरो त्याच्या पुढे तिसरा आला, हे मी मान्य करतो. पण चौदा गाड्या मागे फिरल्या यात गाडी चालवत राहणाऱ्याचा दोष कोणता?

त्याच्या आयुष्याचा आलेख पाहिला तर आमच्या निपाणीजवळच्या तवंदी घाटाची आठवण येते. कोइंबतूरचा मुलगा, वडील स्वतः रॅलीतले नावाजलेले. इंग्लंडमध्ये फॉर्म्युला थ्री, मग २००१ मध्ये फॉर्म्युला वनच्या गाडीची चाचणी घेणारा पहिला भारतीय, २००५ मध्ये प्रत्यक्ष स्पर्धेत, आणि एका हंगामानंतर पुन्हा बाहेर. पुढची दोन वर्षे विल्यम्समध्ये चाचणी-चालक म्हणून, म्हणजे गाडी दुसऱ्याने पळवावी म्हणून आपण चालवून पाहायची. आमच्या धंद्यात याला ट्रायल पीस काढणे म्हणतात. तो जॉब कधीच बिलावर येत नाही. त्याच काळात देशादेशांच्या संघांच्या एवन ग्रां प्री स्पर्धेत त्याने भारतासाठी शर्यत जिंकली, तेव्हा टपरीवर कोणी पेढे वाटल्याचे मला आठवत नाही.

२०११ मध्ये तो परतला तो एचआरटी या संघाकडून. ती गाडी इतकी मंद होती की ऑस्ट्रेलियात एकशे सात टक्क्यांच्या नियमात, म्हणजे सर्वांत वेगवान वेळेपेक्षा सात टक्क्यांहून अधिक मागे पडायचे नाही या अटीत, संघाच्या दोन्ही गाड्या बसल्या नाहीत आणि दोघांनाही शर्यतीला उभे राहता आले नाही. जुलैमध्ये ब्रिटिश शर्यतीच्या आधी त्याला उठवून त्याच्या जागी डॅनियल रिकार्डो या तरुण ऑस्ट्रेलियन मुलाला बसवण्यात आले, कारण त्याच्या पाठीशी रेड बुल होते. कार्तिकेयनच्या पाठीशी टाटा होते, त्यामुळे पैशाचा खेळ एकतर्फी होता असे मी म्हणणार नाही. तरीही चालू हंगामात खुर्ची काढून घेतली जाणे म्हणजे काय, हे ज्याच्यावर गुदरले त्यालाच विचारावे.

त्याच जुलैमध्ये मी आणि माझा मावसभाऊ कोल्हापूरजवळच्या एका कार्टिंग ट्रॅकवर, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतीला, गेलो होतो. कार्तिकेयनला काढल्याची बातमी त्याने सकाळी वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर वाचली होती आणि ओम्नीत बसल्यापासून तो गप्प होता. गड्याने चार महिने ओव्हरटाइम करून त्या स्पर्धेची फी भरली होती. कार्ट चिठ्ठी टाकून मिळायची, आणि भाड्याच्या कार्ट कधीच सारख्या नसतात. एखाद्याचे इंजिन दमदार, तर एखादे दमेकऱ्यासारखे. त्याच्या वाट्याला दमेकरी आले. वळणावर तो पुढच्याला गाठायचा आणि सरळ रस्ता लागला की पुन्हा तितकाच मागे पडायचा. सहा जणांच्या अंतिम फेरीत तो सहावा आला.

परत येताना निपाणीला चहाला थांबलो, तेव्हा मी हसत हसत म्हणालो, “काय मर्दा, सहातला सहावा!” टपरीवाला हसला, मी हसलो, तोही हसला असे मला त्या वेळी वाटले. तवंदी घाट ओलांडला, संकेश्वर गेले, हत्तरगी गेले, यमकनमर्डी गेले, आणि काकती येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. तेव्हा मी समजलो की तो दमला आहे.

त्या मुलांवर मी आज इतका का चिडलो, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल.

मोटार शर्यतीत कोण कितवा आला हे पाहून माणसाची किंमत करणे म्हणजे झिजलेल्या लेथवर बसवून टर्नरची मायक्रॉनची, म्हणजे केसाहून बारीक, चूक मोजण्यासारखे आहे. माझ्या मित्रयादीतील निम्मे लोक कारखान्यांत वाढलेले आहेत, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. खरी तुलना एकाच संघातल्या दोघांची, कारण दोघांच्या हातात निदान एका घरची गाडी असते. आणि ३० ऑक्टोबर २०११ रोजी, ग्रेटर नोएडात भारताची पहिली ग्रां प्री झाली त्या दिवशी, कार्तिकेयनला पुन्हा त्याच एचआरटीत बसवले गेले. तो सतरावा आला आणि शेजारच्या गाडीतला रिकार्डो अठरावा. चार महिने शर्यतींबाहेर बसलेला माणूस त्याच खुर्चीवर बसलेल्या मुलाच्या पुढे आला, पण यादी करणाऱ्याला सतरा हा आकडा तेवढा दिसला. एका शर्यतीवरून काही सिद्ध होत नाही, ठीक आहे. मग एका व्हिडिओवरून काय सिद्ध होते?

त्या रिकार्डोचे पुढे काय झाले, हेही या मुलांनी पाहावे. तो मोठा झाला, आठ ग्रां प्री जिंकला, संघ बदलत गेला, २०२२ च्या अखेरीस बाहेर पडला, पुढच्या वर्षी मध्येच परतला, नेदरलँड्समधल्या झांडफोर्टला हात मोडून घेतला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सिंगापूरच्या शर्यतीनंतर त्यालाही चालू हंगामातच उठवले गेले. त्या अखेरच्या शर्यतीत सर्वांत वेगवान फेरी त्याचीच होती. हे वाचून मला समाधान झाले असे कोणी समजू नये. उलट मला वाईट वाटले.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे, तेव्हा पावसाचेही सांगतो. मार्च २०१२ मध्ये मलेशियात सेपांगला मुसळधार पाऊस होता आणि त्याच दरिद्री एचआरटीत कार्तिकेयन काही काळ दहाव्या क्रमांकावर होता. पावसाचे टायर लावून सुरुवात केल्याचा फायदा त्यांना मिळाला, हे खरे. पण पावसात इंजिनाची सगळी ताकद रस्त्यावर उतरत नाही आणि हातापायांना किंमत येते, हेही खरे. पुढे रस्ता वाळू लागल्यावर तेव्हाचा जगज्जेता सेबॅस्टियन व्हेटेल आणि तो यांची धडक झाली, व्हेटेलने जर्मनमध्ये ‘काकडी’ म्हणून त्याला हिणवले, आणि लोकांच्या ध्यानात राहिली ती काकडी. दहावा क्रमांक कोणालाच आठवत नाही.

कोल्हापुरातही त्या दिवशी शेवटच्या चार फेऱ्यांत पाऊस आला होता, हे मी मुद्दाम मागे ठेवले होते. शर्यत संपल्यावर प्रत्येकाला फेरीनिहाय वेळांचा कागद मिळाला. त्याने तो निपाणीच्या टेबलावर माझ्यापुढे सरकवला होता आणि मी न वाचता घडी घालून ओम्नीच्या कप्प्यात टाकला. गाडी विकताना, काही वर्षांनी, तो माझ्या हाती लागला. पहिल्या फेऱ्यांत तो सहावाच होता. पावसातल्या चारपैकी दोन फेऱ्यांत सहाही जणांत सर्वांत कमी वेळ त्याचा होता. तोवर त्याने कार्टिंग सोडले होते आणि मी हे त्याला सांगितलेच नाही, कारण सांगायचे म्हणजे आधी निपाणीचे ते वाक्य मागे घ्यावे लागले असते.

कार्तिकेयन सोडून गेला नाही. एचआरटी २०१२ नंतर बंद पडली, तो जपानला गेला, तिथे वर्षानुवर्षे शर्यती केल्या, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, फुजीच्या ट्रॅकवर जपानी आणि जर्मन गाड्यांच्या एकत्रित शर्यतीत होंडा घेऊन पहिला आला. हे मला ठाऊक होण्याचे कारण माझा मावसभाऊच. त्या सोमवारी लेथ चालू करण्याआधी त्याने मला थांबवून सांगितले होते आणि मी “असं होय?” म्हणून पुढे गेलो होतो.

आता मघाशी उठून कपाट उघडले. कागद आहे. कडा पिवळ्या पडल्या आहेत आणि पावसातल्या तिसऱ्या फेरीचा आकडा पाण्याने फुगून पुसला गेला आहे. त्याचा फोटो इथे टाकणार नाही. उद्या साडेआठला टपरीवर घेऊन जाणार आहे. तो आकडा काय होता, हे त्याला नक्की आठवत असेल.