आयडिया तुमची, माड दुसऱ्याचा

तर तुम्हाला आयडिया सुचलीय. अभिनंदन. शनिवारी रात्रीच सुचली असणार, आणि एप्रिल असेल तर हुर्राकच्या (काजूच्या दारूच्या) दुसऱ्या ग्लासाला, कारण गोव्यात थोर विचार त्याच वेळी येतात. आयडिया अशी की पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारे, मिळत नाहीत, नारळ माडावरच सुकतायत, खाली लावलेल्या गाडीची काच एकदा फुटून झालीय, मग पाडेलीचं ॲप का काढू नये? बटण दाबलं की अर्ध्या तासात माणूस झाडावर! वा. आता ही आयडिया बाजारात नेऊन तिचे पैसे कसे करायचे, आणि तेसुद्धा जबाबदारीने, ते ऐका. मी स्वतः काही काढलेलं नाही, पण या विषयावरच्या सेमिनारांचा चहा भरपूर प्यायलोय, म्हणजे अधिकार आहेच.

पहिलं म्हणजे पाडेलीला काही विचारायला जाऊ नका. तो सांगेल की पावसात खोडाला शेवाळ धरतं आणि पाय राहत नाही, त्या कोपऱ्यातल्या माडाच्या शेंड्यात गेंड्या भुंगा शिरलाय तेव्हा त्याच्यावर चढायचंच नाही, कुठे गांधीलमाशांचं पोळं आहे, कुठला माड दोन भावांच्या भांडणातला आहे, आणि मग असं काहीतरी विचारील की तुमच्या स्लाइड्समध्ये त्याला जागाच नाही. त्यापेक्षा एक्सेल उघडा. गोव्यातले माड गुणिले एका माडाचा दर गुणिले वर्षातून चार वेळा. आकडा बघून छाती भरून येते, आणि एक्सेलमध्ये पाऊस पडत नाही.

मग पेटंट. यात क्रम महत्त्वाचा. आधी रील टाका, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चार जणांना सांगा, मामेभावाच्या लग्नात माईक हातात आला तर तिथेही सांगा, आणि मग पेटंटवाल्याकडे जा. तो डोकं धरून म्हणेल की एकदा चव्हाट्यावर आलेली गोष्ट नवीन कशी धरायची, आधी प्रोव्हिजनल अर्ज टाकायचा होता, पुढे पूर्ण अर्जाला 12 महिने मिळाले असते. वर हेही सांगेल की नुसत्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमला आपल्याकडे पेटंटच मिळत नाही. नाउमेद होऊ नका. 1995 साली अमेरिकेत हळदीने जखम भरते या शोधाला पेटंट मिळालं होतं! आपल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख, त्यांच्या संस्थेने जुने ग्रंथ आणि मेडिकलचे जुने पेपर पुढे ठेवले आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. म्हणजे बघा, प्रत्येक आजीला ठाऊक असलेली गोष्टसुद्धा दोनेक वर्षं नवीन म्हणून चालते. तुम्हाला तेवढ्यात फंडिंग मिळवायचंय.

त्यानंतर पायलट. (गोव्यात भाड्याने माणसं नेणाऱ्याला पायलट म्हणतात तो स्टँडवरचा पिवळ्या-काळ्या मोटरसायकलवाला नव्हे, तो बिचारा ॲपचं नाव निघायच्या कितीतरी आधीपासून माणसं पोचवतोय आणि त्याला कोणी इनोव्हेटर म्हटलं नाही.) पायलट म्हणजे चाचणी. ती मे महिन्यात करा, मावशीच्या घरामागच्या सहा बुटक्या माडांवर करा, फोटोग्राफर न्या. यश शंभर टक्के. जुलैमध्ये चाचणी घेऊ या म्हणणारा कोणी टीममध्ये असेल तर त्याला मार्केटिंगला टाका.

आता तो जबाबदारीचा भाग, ज्याच्यासाठी सेमिनारात जेवणानंतरची वेळ राखून ठेवलेली असते. इथे गुरू करायचा तर अमेरिकेतला संशोधक थॉमस मिजली. पेट्रोलमध्ये शिसं घातलं की इंजिन ठोके देत नाही हा शोध त्याच्या टीमचा, 1921 चा. 1924 मध्ये तो माल बनवणारे कामगार भ्रमिष्ट होऊन मेले, पेपरात बोंब झाली, तेव्हा या माणसाने पत्रकारांना बोलावून त्यांच्यादेखत ते द्रव्य हातावर ओतून घेतलं आणि मिनिटभर हुंगून दाखवलं, बघा काही होतं का! आदल्याच वर्षी शिशाच्याच विषबाधेने तो स्वतः सुट्टी घेऊन पडला होता, पण पत्रकार परिषदेत असल्या घरगुती गोष्टी काढायच्या नसतात. धंदा पुढे असा चालला की भारतात शिसंवालं पेट्रोल बंद व्हायला 2000 साल उजाडलं आणि जगातला शेवटचा देश, अल्जेरिया, थांबला तो 2021 मध्ये. शंभर वर्षं! ओझोनला भोक पाडणारा सीएफसी वायू फ्रीजमध्ये आणण्यातही हाच गृहस्थ पुढे. तेव्हा कमिटी जरूर नेमा, फक्त लाँच झाल्यावर नेमा, म्हणजे तिला करायला काम राहत नाही.

पाडेलीला कामगार चुकूनही म्हणू नका, पार्टनर म्हणा. पार्टनर पडला तर तो त्याचा वैयक्तिक निर्णय असतो. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा लोकांसाठी ॲपवाल्यांनी उलाढालीतला एक ते दोन टक्के वाटा द्यायचा असं लिहून ठेवलंय, तेव्हा तुम्ही ॲपवाले नाहीच, तुम्ही नारळप्रेमींचं कुटुंब आहात. कुटुंबात कोण टक्के मोजतं? रेटिंग मात्र ठेवा. चार स्टारखाली गेला की कुटुंबातून बाहेर.

पुढे कंपनी विकायची, बंगला, मुलाखती, ते तुमचं तुम्हाला जमेल.

तरी तुमच्यासाठी म्हणून नियम मोडून मी आमच्या पाडेलीमामांना एकदा विचारलंच. सोमवारी सकाळी आले होते, कंबरेला कोयता, खिशात बटणांचा फोन. सगळं समजावून सांगितलं, पार्टनर, रेटिंग, अर्धा तास. ऐकून घेतलं, मान वर करून माडाच्या शेंड्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आनी हांव पडलों जाल्यार?" (आणि मी पडलो तर?)

मी म्हटलं, मामा, त्याच्यावर कमिटी बसणार आहे.

ते हसले, पायात दोरी अडकवली आणि चढायला लागले. मी धावत जाऊन गाडी बाजूला घेतली.