'पित्ताशयाच्या रिपोर्टला ११ दिवस' या तक्रारीबद्दल

नमस्कार. लॅब माझी आणि रिपोर्टवर सहीही माझीच, म्हणून उत्तर मीच देतोय.

तुम्ही लिहिलंय: वडिलांच्या साध्या पित्ताशयाच्या तपासणीला ११ दिवस, मध्येच वाढीव पैसे, काउंटरवर रोज 'उद्या या', आणि शेवटी 'लिम्फोमा' (लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचा कॅन्सर), जो तर मानेत होतो!

'उद्या या' ही चूक सरळसरळ आमची. रिपोर्ट लांबणार हे मला चौथ्या दिवशीच कळलं होतं. तेव्हाच फोन करून कारण आणि वाढीव खर्च दोन्ही सांगायला हवं होतं. माफ करा.

उशिराबद्दल मात्र माफी मागत नाही. निदान तुम्हीच उघड केलंय, म्हणून तेवढ्यापुरतं बोलतो. वडिलांच्या स्लाइडवर काय दिसलं ते इथे लिहिणार नाही.

पित्ताशयाचा कॅन्सर बहुतेक वेळा आतल्या अस्तरातून निघतो; त्याला कार्सिनोमा म्हणतात. लिम्फोमा तिथे फार क्वचित सुरू होतो, कारण त्या भिंतीत मुळात लिम्फॉइड ऊतक (लिम्फोसाइटचं ऊतक) नसल्यातच जमा असतं. खड्यांमुळे वर्षानुवर्षं सूज राहिली की लिम्फोसाइट तिथे गोळा होतात. म्हणजे नुसती सूज, लिम्फोमा की नीट न ओळखू येणारा कार्सिनोमा, हा घोळ साध्या गुलाबी-जांभळ्या स्लाइडवर सुटेलच असं नाही. मग त्याच ब्लॉकमधून (मेणात बसवलेल्या तुकड्यातून) पुन्हा पातळ काप घेऊन एकेक मार्कर, म्हणजे पेशींची ओळख पटवणारी चाचणी, लावायचा: सायटोकेरॅटिन (अस्तराच्या पेशींसाठी), सीडी२० आणि सीडी३ (लिम्फोसाइटसाठी), केआय-६७ (वाढीच्या वेगासाठी). पहिल्या फेरीचं उत्तर पाहून दुसरी फेरी ठरते. वाढीव पैसे या मार्करचे.

तिसऱ्या दिवशी घाईने 'कार्सिनोमा' लिहून मोकळा झालो असतो, तर पुढची चर्चा यकृताचा भाग काढायच्या ऑपरेशनची झाली असती. लिम्फोमाच्या उपचारात सहसा भर औषधांवर असतो, आणि कोणती औषधं हे उपप्रकारावर ठरतं.

रिपोर्टखालच्या 'पेट स्कॅनशी पडताळून पाहावे' (पेट म्हणजे PET, आजार शरीरात कुठे कुठे आहे ते दाखवणारा स्कॅन) या ओळीला तुम्ही 'हात झटकणं' म्हणालात. आजार पित्ताशयातच सुरू झाला की दुसरीकडून तिथे आला, हे आमच्या काचेवर दिसत नाही हो. त्यासाठी स्कॅन लागतो, कधी बोन मॅरोची (हाडातल्या मज्जेची) तपासणीही.

दुसरं मत जरूर घ्या, मला राग नाही. ब्लॉक आणि स्लाइड तुमच्याच आहेत. आदल्या दिवशी कळवा, काढून ठेवतो. त्याचे पैसे नाहीत.