चारपैकी किती?

पुतिन यांना ऐंशी टक्क्यांवर पाठिंबा अशी बातमी आली, की आपल्याकडच्या व्हॉट्सॲप गटांत दोन तट पडतात. एक म्हणतो, बघा, लोकांना खंबीर नेताच लागतो. दुसरा म्हणतो, धाकानं काढलेला आकडा आहे, टाका केराच्या टोपलीत. इकडे जर्मनीत तर हे दुसरं मत बाळगणं शिष्टाचारातच मोडतं. मला दोन्ही आळशी वाटतात, कारण भीती किती, हे बऱ्यापैकी मोजता येतं.

२०१५ च्या जानेवारीत आणि मार्चमध्ये अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ टिमथी फ्राय आणि सहकाऱ्यांनी मॉस्कोच्या लेवादा सेंटर या स्वतंत्र जनमत-चाचणी संस्थेमार्फत ते मोजलं. माणसं चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटायची. पहिल्या गटाला झिरिनोव्स्की, झ्युगानोव आणि मिरोनोव ही तीन रशियन पक्षनेत्यांची नावं दाखवायची. दुसऱ्याला हीच तीन आणि चौथं पुतिन. विचारायचं एवढंच : यातल्या किती जणांना तुमचा पाठिंबा? कोणाला ते सांगू नका, फक्त आकडा सांगा. पहिल्या गटाची सरासरी समजा १.१ आली आणि दुसऱ्याची १.९, तर फरक ०.८, म्हणजे पुतिनना ऐंशी टक्के. दारात उभं राहून प्रश्न विचारणाऱ्याला मात्र कोणाचंच मत कळत नाही. त्यांचं उत्तरही ऐंशीच्या आसपासच आलं. थेट विचारल्यावर मिळणारा आकडा त्याहून जेमतेम दहाच्या आत जास्त होता. म्हणजे तेव्हाचा पाठिंबा बराचसा खरा होता. इकडच्या मित्रांना हे रुचत नाही.

यादी मात्र जपून बनवावी लागते. कोणालाच न आवडणारी तीन नावं घेतली, तर ‘शून्य’ म्हणणारा उघडा पडतो. सगळ्यांना आवडणारी घेतली, तर ‘चार’ म्हणणाऱ्याचं गुपित राहत नाही. म्हणून एकमेकांच्या विरोधातली नावं घालतात, म्हणजे बहुतेकांचं उत्तर एक-दोनवर येतं. दुसरी गोम अशी, की यादी लांबली की लोक घाईत कमी मोजतात. मग ही घट भीतीची की कंटाळ्याची? त्यासाठी ज्याच्याबद्दल बोलायची कोणाला भीती नाही असं नाव चौथं घालून तोच प्रयोग करतात. फ्राय यांच्या चाचणीत अशी थोडी घट असल्याची चिन्हं दिसली. शिवाय ही पद्धत महाग. सोळाशे माणसांना थेट विचारलं तर चूक अडीच टक्के इकडेतिकडे. तीच माणसं आठशे-आठशे अशी वाटली की चूक दहाच्या घरात जाते. मग शहर-खेडं, तरुण-म्हातारे असे तुकडे पाडण्यात अर्थ उरत नाही.

मार्च २०२२ मध्ये सैन्याबद्दल ‘खोटी माहिती’ पसरवण्याला पंधरा वर्षांपर्यंत कैद देणारा कायदा आला. त्यानंतरच्या एका ऑनलाइन प्रयोगात थेट विचारल्यावर ६८ टक्क्यांनी युक्रेनवरच्या युद्धाला पाठिंबा दिला. यादीतून निघाले ५३. ऑनलाइन नमुना म्हणजे अख्खा रशिया नव्हे, त्यामुळे ५३ वर फार भर देऊ नये. पाहायचा तो पंधराचा फरक.

२०२४ ला आपले बहुतेक एक्झिट पोल एनडीएला साडेतीनशेच्या वर नेत होते, मिळाल्या २९३. तेव्हा ‘लोक खोटं बोलले’ हे स्पष्टीकरण फार लवकर आलं. कोणाला विचारलं आणि मतांवरून जागा कशा काढल्या, हे आधी तपासायला हवं होतं. शेजारपाजारच्या कानांवर आपल्याकडे साधा उपाय आहे : लोकनीती या सर्वेक्षण संस्थेची मंडळी नमुन्याची मतपत्रिका आणि पेटी घेऊन जातात. भीती सरकारचीच असेल, तर पेटी घेऊन आलेला माणूस कोणाचा, इथूनच शंका सुरू होते. १९९० मध्ये मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वात निवडणुकीआधीच्या एका प्रयोगात मुलाखत घेणाऱ्यांच्या हातातलं पेन बदलून पाहिलं. विरोधकांच्या रंगांचं पेन असलं की त्यांच्या उमेदवार चामोरो पुढे, सत्ताधारी सँदिनिस्ता पक्षाचं असलं की राष्ट्राध्यक्ष ओर्तेगा. आणि साधं पेन असलं तरी ओर्तेगाच. निवडणूक जिंकल्या चामोरो.

दार न उघडणाऱ्यावर मात्र यादीचीही मात्रा चालत नाही. दहा दारं ठोठावली, तीन उघडली, त्यातले ऐंशी टक्के बाजूने बोलले, तर दहांत अडीचसुद्धा भरत नाहीत. उरलेली सात घरं बातमीत येतच नाहीत.