हातावरचा स्टार

मोठ्या नणंदेनं ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकलं, पाळणाघरात जाणारी मुलं पुढं लठ्ठ होतात म्हणून, आणि खाली हात जोडलेला इमोजी. कुणाला उद्देशून ते कळलं मला, कारण गेल्याच आठवड्यात डॉक्टरांनी काट्यावर उभं करून सांगितलंय की आमच्या साडेतीन वर्षांच्या बाईसाहेबांचं वजन जास्त आहे.

मग शोधून वाचलंच. कॅनडातल्या क्युबेकचा अभ्यास आहे, १९९७-९८ ला जन्मलेली मुलं, १६४९ कुटुंबं, मुलं १० वर्षांची होईपर्यंत बघितलंय. आईबाबांजवळ राहिलेल्यांपेक्षा पाळणाघरातल्या मुलांना वजन वाढायचा धोका साधारण दीडपट, बरोबर. पण आज्जी-मावशीकडं राहणाऱ्यांनाही तसाच होता की! ते फॉरवर्डमध्ये गायब. आणि आईची नोकरी, आईचं वजन, अंगावरचं दूध, सगळं हिशोबात धरूनही फरक राहिलाच, म्हणजे नोकरीवाल्या आईवर ढकलायची सोय नाही.

आमच्या घरात काय होतं ते सांगते. बेळगावात टिळकवाडीत सकाळी मी प्ले स्कूलला सोडते, डबा रिकामा केला की टीचर हातावर स्टार चिकटवतात, त्यात कुणाचा तरी बड्डे असला की केक, चॉकलेट. साडेबाराला आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, आणायला जातात आणि दारातच, "भूक लागली काय गं सोन्या?" ती कधी नाही म्हणणार? परत वरणभात, वर तूप, समोर मोबाईलवर गाणी, चमचा आला की तोंड उघडतंय, पोट भरलंय का नाही ते पोरीला पण कळत नाही. हातावर स्टार तसाच चमकतोय आणि जेवण दुसरं चाललंय.

खेळायचं म्हणाल तर शाळेचं ग्राउंड म्हणजे बिल्डिंगचं पार्किंग, त्यावर हिरवं मॅट. डब्ल्यूएचओ २०१९ पासून सांगतंय की ३-४ वर्षांच्या पोरांनी दिवसाला १८० मिनिटं तरी हलायला पाहिजे आणि स्क्रीन एक तासाच्या वर नको, आमचं नेमकं उलटं. खानापूरकडं माझ्या माहेरची अंगणवाडीतली पोरं कोंबड्यांमागं पळून मातीनं भरून येतात (तिथं वजन कमी भरतंय हे टेन्शन, ते वेगळंच).

मग मी बॅगेत चिठ्ठी घालायला लागले, आज काय खाल्लं त्याची, टीचर लिहून देतात. आत्ती दोन दिवस फुगून बसल्या, "मी काय पोरीला उपाशी ठेवू?" काल मात्र चिठ्ठी न बघता आधी हातावरचा स्टार बघितला आणि म्हणाल्या, "आज ताक बस्स."

संध्याकाळी मामंजी कुंदा घेऊन आले, आमची बेळगावची दुधाची मिठाई, पाव किलो.