हसताय कोणाला?

परवा फॅमिली ग्रुपवर ती जुनी बातमी परत फिरत आली. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावची, लोक पिढ्यान्‌पिढ्या डायनासोरच्या अंड्यांना काकर भैरव म्हणून पुजत होते ती. खाली सगळ्यांचे लोळून हसणारे इमोजी, एका काकांनी तर लिहिलं, "ऑम्लेट केलं नाही हे नशीब!" मलाही आधी हसू आलं, खोटं कशाला बोलू, पण मग डोकं फिरलं.

अहो काकर म्हणजे शेत, शेत राखणारा तो भैरव. आपल्याकडे बांधावर शेंदूर फासलेला म्हसोबा असतो ना, तसंच. नांगरताना नारळापेक्षा मोठा, गोल दगड लागला तर तो फोडला नाही, बांधावर ठेवला, नारळ वाढवला, संपलं. जागेवरून हलवला हे वाईटच झालं, ते नाकारत नाही मी, पण निदान चुरा तरी झाला नाही.

याच धारमध्ये बाग-कुक्षी भागातली ९२ घरटी आणि २५६ अंडी दिल्ली विद्यापीठाच्या हर्षा धीमान, गुंटुपल्ली प्रसाद वगैरे मंडळींनी २०२३ ला शोधनिबंधात मांडली. ती टायटनोसॉरची, म्हणजे लांब मानेच्या अवाढव्य शाकाहारी डायनासोरची, पण अंडं जेमतेम १५ ते १७ सेंटीमीटरचं! आणि घरटी इतकी खेटून की आईला मध्ये पाय ठेवायला जागा नाही, म्हणून ती अंडी पुरून निघून जात असणार असा अंदाज. आता हे कळलं कशावरून, तर अंडी जागच्या जागी होती म्हणून. सुट्या अंड्यावरून यातलं काय कळणार, कप्पाळ?

ही अंडी ज्या दगडात सापडतात तो लमेटा, जबलपूरच्या लम्हेटा घाटावरून नाव पडलेला. वाळूमिश्रित चुनखडीची माती, तिच्यात खड्डे करून अंडी पुरलेली, कवच मुळात चुन्याचंच, त्यात जमिनीतल्या पाण्यातला चुना बसत गेला आणि सगळं घट्ट झालं. नंतर वरून लाव्हा, तोच काळा कातळ जो आपण सह्याद्रीत चढतो. हाच लमेटा चंद्रपुरात पिसदुऱ्याला आहे, तिथल्या डायनासोरच्या वाळलेल्या शेणात (हो शेणच, दगड झालेलं) गवताचे अंश सापडले, २००५ ला 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात आलंय. आपल्या किती जणांना माहितीये?

गुजरातेत ढोली डुंगरीला जिऑलॉजिकल सर्व्हेच्या धनंजय मोहबेंना १९८४ मध्ये असाच एक घरट्याचा दगड मिळाला, अंडी आणि शेजारी पिल्लाची हाडं. त्यातले काही मणके सापाचे आहेत हे २००१ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ जेफ्री विल्सन यांच्या लक्षात आलं. साडेतीन मीटरचा साप, फुटलेल्या अंड्याला वेटोळं घालून, बाजूला अर्ध्या मीटरचं पिल्लू. तो दगड कोणी मधोमध फोडून अंडं तेवढं घरी नेलं असतं तर साप गेला असता कचऱ्यात.

तर ते ऑम्लेटवाले काका. त्यांच्या शोकेसमध्ये गणपती आणि ताजमहालाच्या मध्ये एक तपकिरी कवचाचा तुकडा आहे, नखाएवढा, वरून बारीक पुळ्या आल्यासारखा खरखरीत. ट्रिपला उचललेला. मी फोन करून विचारलं काका नक्की कुठला हो तो, तर म्हणाले, "अरे तिकडेच कुठेतरी, नर्मदेकडे, ड्रायव्हरला माहीत असेल."