'यंत्र आता मनातलं वाचतं' या फॉरवर्डला उत्तर

व्हॉट्सॲपवर फिरणारा तो मजकूर आतापर्यंत बहुतेकांकडे येऊन गेला असेल. शब्द थोडेफार बदलतात, सांगाडा तोच. शास्त्रज्ञांनी विचारांचा थेट मजकूर करणारं यंत्र बनवलंय, ते ९७ टक्के अचूक आहे, डोक्यावर टोपी चढवली की काम झालं, मनातल्या मनात बोललेलंही त्याला ऐकू येतं, इयरफोनमधून कंपन्यांनी हे सुरूसुद्धा केलंय, आणि कुठल्याच देशात याविरुद्ध कायदा नाही. सोबत निळ्या प्रकाशात चमकणारा मेंदू.

मजकूर पटकन पटतो, कारण यातल्या बहुतेक वाक्यांच्या मुळाशी खरोखरीचं काहीतरी आहे. लबाडी आहे ती जोडकामात. तीन-चार निरनिराळ्या प्रयोगांतला सोयीचा तेवढा भाग उचलून एक असं यंत्र उभं केलंय, जे कुठल्याच प्रयोगशाळेत नाही. परिणाम असा की जिथे खरंच घाबरायला हवं तिथे कुणाचं लक्ष जात नाही. म्हणून एकेक दावा घेऊ.

'९७ टक्के अचूक'

आकडा खरा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या संशोधकांनी ऑगस्ट २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये तो प्रसिद्ध केला: ९७.५ टक्के शब्द बरोबर. पण हे शब्द कुणाचे आणि ते यंत्राला मिळाले कसे, हे फॉरवर्डने गिळून टाकलंय.

एएलएसमुळे, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशी हळूहळू मरत जाणाऱ्या आजारामुळे, वाचा जवळजवळ गेलेले पंचेचाळिशीचे एक गृहस्थ. शस्त्रक्रिया करून त्यांच्या मेंदूत, ओठ-जीभ-जबडा हलवणाऱ्या भागात, बारीक सुयांच्या चार चकत्या बसवल्या. मिळून २५६ इलेक्ट्रोड, म्हणजे मेंदूतले विद्युत संकेत टिपणारी टोकं. गृहस्थ बोलण्याचा खटाटोप करतात. तोंडातून कळण्यासारखं काही निघत नाही, पण मेंदूने स्नायूंना सोडलेला हुकूम शाबूत असतो. यंत्र तो हुकूम पकडतं आणि दर ८० मिलिसेकंदांनी अंदाज बांधतं, की इंग्रजीतल्या ३९ ध्वनींपैकी आत्ता कुठला उच्चारायचा प्रयत्न चाललाय. त्या ध्वनींच्या माळेतून भाषेचं मॉडेल सव्वा लाख शब्दांच्या साठ्यातले शब्द जुळवतं. वाक्य संपलं की ते पडद्यावरच्या बटणाकडे नजर रोखतात, आणि संगणक ते वाक्य आजारापूर्वीच्या त्यांच्या आवाजाशी मिळत्याजुळत्या आवाजात म्हणून दाखवतो. वेग मिनिटाला साधारण ३२ शब्द.

यात वाचला गेला तो बोलण्याचा प्रयत्न. समोर बसलेल्या माणसाचा कितीही कंटाळा आला असला, तरी त्यांनी 'या, बसा' म्हणायचा प्रयत्न केला तर पडद्यावर 'या, बसा'च येणार. ज्याला बोलायचंय, ज्याने स्वतःहून शस्त्रक्रिया करून घेतली आहे आणि जो तासन्‌तास यंत्राला शिकवत बसला आहे, अशा माणसाच्या बाबतीतली ही ९७ टक्क्यांची अचूकता आहे. तुमच्या-माझ्या डोक्यात काय चाललंय याच्याशी तिचा संबंध नाही.

प्रगती मात्र थक्क करणारी आहे, ती कमी लेखायचं कारण नाही. २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने अर्धांगानंतर वाचा गेलेल्या माणसाच्या मेंदूतून शब्द काढले, तेव्हा शब्दसंग्रह होता ५०, वेग मिनिटाला १५ शब्दांच्या आसपास, आणि दर चार शब्दांत साधारण एक चुकत होता. तीन वर्षांत इथवर मजल गेली.

'डोक्यावर टोपी चढवली की काम झालं'

हा दावा दोन प्रयोगांतून शिवलेला आहे. पहिला टेक्सास विद्यापीठाचा, मे २०२३ चा. त्यात शस्त्रक्रिया नव्हती हे खरं. पण टोपीही नव्हती. एमआरआयचं अख्खं यंत्र होतं. प्रत्येक स्वयंसेवक त्यात सुमारे १६ तास पडून गोष्टी ऐकत होता, तेव्हा कुठे यंत्राला त्याच्या मेंदूची ओळख पटली. एमआरआय मोजतं ते रक्तातल्या ऑक्सिजनचे चढउतार, आणि ते इतके संथ असतात की एका चढउतारात वीसेक शब्द उरकलेले असतात. त्यामुळे शब्द हाती लागत नाहीत, आशय लागतो, तोही जमला तर. ऐकवलेलं वाक्य होतं 'माझ्याकडे अजून गाडीचा परवाना नाही'. यंत्राने लिहिलं 'तिने अजून गाडी शिकायला सुरुवातही केलेली नाही'. तारीफ करावी असंच आहे हे, पण याला मन वाचणं म्हणणं म्हणजे फारच झालं. स्वयंसेवकांनी मनातल्या मनात आकडे मोजले, प्राण्यांची नावं घेतली किंवा दुसरीच गोष्ट घोळवली, की यंत्राचं काही चालेना. एकावर शिकवलेलं यंत्र दुसऱ्यावर वापरलं तर हाती काहीच लागलं नाही.

इथे थांबलो असतो तर माझी बाजू छान भक्कम दिसली असती. पण त्याच गटाने २०२५ मध्ये नव्या माणसासाठी लागणारा वेळ १६ तासांवरून सुमारे तासाभरावर आणला. 'हे कधीच सोपं होणार नाही' असं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

दुसरा प्रयोग मेटाचा, फेब्रुवारी २०२५ चा. स्पेनमधले ३५ स्वयंसेवक टंकलेखन करत असताना मेंदूतून अक्षरं ओळखायची. मेंदूभोवतीचं चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या अवजड यंत्रावर, खास बंदिस्त खोलीत, सरासरी ३२ टक्के अक्षरं चुकली. तुलनेसाठी ईईजीची, म्हणजे डोक्याच्या कातडीवरून मेंदूच्या विद्युत लहरी मोजणारी, टोपीही वापरली होती. तिच्यात शंभरातली ६७ अक्षरं चुकली. फॉरवर्डमधली टोपी ती हीच.

'मनातल्या मनात बोललेलंही ऐकू येतं'

हा दावा मी मोडीत काढणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने सेल या नियतकालिकात जे मांडलं, ते सगळ्या प्रकरणातलं सर्वांत गंभीर आहे. मेंदूत इलेक्ट्रोड बसवलेल्या चार रुग्णांना तोंड न हलवता शब्द किंवा वाक्यं फक्त मनात म्हणायला सांगितली. यंत्राने ती ओळखली. सव्वा लाख शब्दांच्या साठ्यावर सर्वांत चांगली अचूकता होती ७४ टक्के. त्याहून महत्त्वाचं पुढे आहे. पडद्यावरचे आकार मोजायला सांगितले, मनात बोला असं सांगितलंच नव्हतं, तरी मोजताना मनात उमटणाऱ्या आकड्यांचा माग यंत्राला लागला. म्हणजे बोलण्याचा प्रयत्न आणि मनातलं बोलणं यांच्यामधली भिंत वाटत होती तेवढी जाड नाही.

मात्र मोकळेपणाने काहीही मनात आणा म्हटल्यावर यंत्राने जे लिहिलं ते बहुतांशी निरर्थक होतं. आणि मनातलं असं नकळत बाहेर पडण्यावर संशोधकांनी इलाजही त्याच लेखात दिले. एक, मनातल्या बोलण्याकडे दुर्लक्ष करायला यंत्राला शिकवायचं. दुसरा जास्त गमतीचा: एरवी कुणी सहसा म्हणणार नाही असा एखादा शब्दसमूह परवलीचा म्हणून ठेवायचा. रुग्णाने तो मनात म्हटला तरच यंत्र ऐकायला लागतं. हा परवलीचा शब्दसमूह यंत्राने ९८ टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर ओळखला.

तेव्हा प्रश्न 'यंत्र ऐकतं का' हा राहिला नाही. ते कधी ऐकेल हे कोण ठरवणार, असा तो आहे. हा प्रश्न आज तुमचा किंवा माझा नाही, ज्यांना बोलायला दुसरा मार्गच उरलेला नाही अशा मूठभर रुग्णांचा आहे. फॉरवर्डमध्ये त्यांच्याबद्दल अवाक्षर नाही.

'इयरफोनमधून हे सुरूसुद्धा झालंय'

साध्या इयरफोनमध्ये मेंदूच्या लहरी पकडणारा सेन्सरच नसतो, विषय संपला. पण झोप, एकाग्रता किंवा ध्यान मोजण्यासाठी विकले जाणारे ईईजी हेडबँड आहेत, आणि तिथे मात्र कान टवकारायला हवेत.

त्यांना वाक्यं वाचता येत नाहीत. गरजही नाही. ओळखीची किंवा महत्त्वाची गोष्ट दिसली की सुमारे ३०० मिलिसेकंदांनी मेंदूत एक ठरावीक लहर उठते. तिला पी-३०० म्हणतात. २०१२ मध्ये संगणक-सुरक्षेच्या संशोधकांनी गेम खेळण्यासाठी विकला जाणारा ईईजी हेडसेट वापरून लोकांना बँकांची नावं, चेहरे, आकडे दाखवले आणि लहर कशावर उठते ते पाहिलं. खात्रीचं उत्तर मिळालं नाही, पण अंदाज आंधळ्या अंदाजापेक्षा सरस ठरला. विचार न वाचता, नुसतं चित्र दाखवून प्रतिक्रिया टिपायची. एखाद्या ॲपला हे करायला कितीसा वेळ?

मेंदूच्या माहितीवरच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या न्यूरोराइट्स फाउंडेशन या संस्थेने २०२४ मध्ये अशी उपकरणं विकणाऱ्या ३० कंपन्यांच्या अटी तपासल्या. एक वगळता सगळ्यांनी ग्राहकांच्या मेंदूचा डेटा आपल्या हाती राहील अशी सोय करून ठेवली होती. आज त्या लहरींतून झोपेच्या वेळेपलीकडे फारसं कळत नसेलही. पण साठवलेली लहर पाच वर्षांनी, तेव्हाच्या मॉडेलने पुन्हा वाचता येते. त्यामुळे असा हेडबँड घेताना कच्च्या लहरी फोनवरच राहतात की सर्व्हरवर जातात, आणि कंपनी विकली गेली तर त्या कुणाच्या, हे विचारून घ्यावं. उत्तर गुळमुळीत आलं तर मी तरी तो विकत घेणार नाही.

'कुठल्याच देशात कायदा नाही'

साफ चूक. चिलीने २०२१ मध्ये राज्यघटनेतच मेंदूच्या माहितीला संरक्षण दिलं, आणि २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ईईजी हेडसेट विकणाऱ्या ईमोटिव्ह या कंपनीला एका माजी सिनेटरचा मेंदूचा डेटा पुसायला लावला. अमेरिकेत कोलोराडो आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०२४ मध्ये असा डेटा संवेदनशील ठरवला. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने तर २०१० मध्येच, सेल्वी खटल्यात, संमतीशिवाय ब्रेन मॅपिंग, म्हणजे आरोपीच्या मेंदूच्या लहरी तपासून त्याला काय ठाऊक आहे ते शोधणं, घटनाबाह्य ठरवलं.

भोकं आहेत, पण ती फॉरवर्ड दाखवतो तिथे नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या एका बाईंच्या मेंदूत २०१० मध्ये एपिलेप्सीच्या झटक्याची आगाऊ सूचना देणारं उपकरण बसवलं होतं. त्याने त्यांचं आयुष्य सावरलं. पुढे कंपनीचे पैसे संपले आणि उपकरण काढून घ्यायचं ठरलं. बाईंचा विरोध होता. घर गहाण टाकून ते विकत घ्यायचीही नवरा-बायकोची तयारी होती. तरीही ते काढलं गेलं. उपकरण बसवताना त्यांची संमती रीतसर घेतली होती. काढून घेताना त्यांच्या 'नको'ला मात्र वजन मिळालं नाही. कायद्याचा प्रश्न विचारायचाच असेल, तर तो इथून विचारायला सुरुवात करावी.